आधी चाक मोजा, मग मोटार घ्या

विद्यार्थी मित्रहो, शाळाशाळांतून भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनांत वाफेच्या इंजिनाची एखादी तरी प्रतिकृती हमखास पाहायला मिळते. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा बॉयलर, त्यावर धुराडे, बाजूला पांढऱ्या रंगाने काढलेला क्रमांक आणि पोटात दडवलेली विजेची छोटी मोटार. बटन दाबले की इंजिन सुसाट सुटते, एक-दोन फेऱ्या मारते आणि पुढच्या वळणावर रुळांवरून घसरते. भोवतीची मुले टाळ्या वाजवतात. परीक्षकही ‘छान पळते हं!’ म्हणून कौतुक करतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

कौतुक जरूर व्हावे. हाताने काही करून पाहणाऱ्या मुलाचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु ‘छान पळते’ ही शाबासकी चुकीच्या गोष्टीला दिलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार जोराने फिरवणे फार सोपे आहे, कारण ती मुळातच तशी बनवलेली असते. अवघड आहे ते तिच्याकडून इंजिन संथपणे, न अडखळता चालवून घेणे. त्यासाठी थोडे मोजमाप आणि बरेचसे सातवी-आठवीतले गणित लागते. ही प्रतिकृती करताना शिकण्यासारखे जे आहे ते नेमके त्या गणितात आहे, आणि तेच बहुतेक वेळा वगळले जाते. मोटार आणि गिअर कसे निवडावेत याचा विचार दुकानात जाऊन करायचा नसतो. तो चाकापाशी बसून करायचा असतो.

खऱ्या इंजिनाला गिअर कुठे आहे?

प्रथम खरे इंजिन पाहू. उदाहरणासाठी भारतीय रेल्वेचे ‘डब्ल्यू. पी.’ जातीचे इंजिन घेऊ. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर, अर्थात उतारूंच्या गाडीसाठीचे इंजिन. फुगीर, निमुळत्या नाकाचे हे देखणे इंजिन १९४७ साली आपल्याकडे आले आणि पुढे अनेक वर्षे मेल व एक्सप्रेस गाड्या त्याने ओढल्या. ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. पण प्रतिकृतीच्या रूपाने ही इंजिने अजून घराघरांत धावतात.

या इंजिनाच्या दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ५१४ मिलिमीटर. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलोग्रॅमच्या आसपास. सिलिंडरमधील दट्ट्याचे क्षेत्रफळ काढून त्याला या दाबाने गुणा, म्हणजे एका दट्ट्यावर सुमारे ३० टनांचा रेटा येतो असे दिसेल. हा रेटा गाडी जागेवर उभी असतानाही मिळतो. दट्ट्या पुढेमागे होतो, त्याला जोडलेला दांडा चाकाला फिरवतो आणि गाडी हलते. मध्ये दंतचक्र नाही, पट्टा नाही, काही नाही. दट्ट्या एकदा पुढे जाऊन मागे आला की चाकाचा एक फेरा पूर्ण होतो.

मग इंजिनाचा वेग आणि ओढ यांचा मेळ कोण घालतो? चाकाचा व्यास! डब्ल्यू. पी. इंजिनाच्या मोठ्या, म्हणजे दट्ट्याने फिरणाऱ्या चाकांचा व्यास १७०५ मिलिमीटर होता. मालगाड्यांसाठी बनवलेल्या ‘डब्ल्यू. जी.’ इंजिनाची चाके १५६२ मिलिमीटरची होती. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव सारखीच, ७११ मिलिमीटर. वाफेचा दाबही सारखाच. परंतु डब्ल्यू. जी.ची चाके लहान आणि सिलिंडर थोडे मोठे. परिणाम असा की, डब्ल्यू. पी.ची सुरुवातीची ओढ हिशोबाने सुमारे १३.९ टन येते, तर डब्ल्यू. जी.ची १७.६ टन. चाक मोठे केले तर एका फेऱ्यात अंतर जास्त तुटते, पण ओढ कमी होते. चाक लहान केले तर ओढ वाढते, पण वेगाला मर्यादा येते. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या, १९०७ साली सुरू झालेल्या लहान गाडीच्या वाफेच्या इंजिनांची चाके लहान होती ती याच कारणासाठी. जिथे दर वीस फुटांना एक फूट असा चढ आहे तिथे वेगाचा काय उपयोग?

वाफेच्या इंजिनाला गिअर कधीच लावले नाहीत असे मात्र नाही. अमेरिकेत जंगलातील लाकूड वाहण्यासाठी एफ्राइम शे यांनी एक वेगळे इंजिन तयार केले आणि १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात उभे सिलिंडर बॉयलरच्या एका बाजूला असत. ते एक लांब दांडा फिरवीत आणि त्या दांड्यावरील दंतचक्रे चाकांना फिरवीत. गाडी अगदी सावकाश चाले, पण तीव्र चढावर ओंडक्यांनी भरलेले डबे ओढून नेई. वेग देऊन ओढ विकत घ्यायची, हा गिअरचा व्यवहार शे यांच्या इंजिनात उघड दिसतो. आपल्या प्रतिकृतीतही आपल्याला हाच व्यवहार करायचा आहे.

एक सुंदर गोष्ट

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, डब्ल्यू. पी. इंजिन ताशी १०० किलोमीटर वेगाने चालले आहे. त्याचे चाक मिनिटाला किती फेरे घेते?

चाकाचा परीघ = ३.१४१६ × १.७०५ मीटर = ५.३५६ मीटर.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर. १६६७ ला ५.३५६ ने भागले की उत्तर येते सुमारे ३११. म्हणजे मिनिटाला ३११ फेरे.

आता या इंजिनाची ३२ पट लहान प्रतिकृती करू. चाकाचा व्यास १७०५ भागिले ३२, म्हणजे ५३.३ मिलिमीटर. परीघ १६७ मिलिमीटर. प्रतिकृतीचा वेगही ३२ पट कमी हवा; तो येतो सेकंदाला ८७ सेंटिमीटर. आता ८७ सेंटिमीटरला १६.७ सेंटिमीटरने भागा आणि ६० ने गुणा. उत्तर? पुन्हा तेच, सुमारे ३११!

हा योगायोग नाही. परीघही ३२ ने भागला आणि वेगही ३२ ने भागला. भागाकारात दोन्ही ३२ एकमेकांना खाऊन टाकतात. प्रतिकृती ३२ पट लहान करा, ८७ पट लहान करा किंवा फक्त पाचपट लहान करा, योग्य वेगाने चालताना तिच्या चाकाचे मिनिटाचे फेरे खऱ्या इंजिनाइतकेच राहतात. म्हणजे प्रतिकृती करणाऱ्याला हवा असलेला सर्वांत महत्त्वाचा आकडा खऱ्या इंजिनाने आधीच लिहून ठेवलेला आहे. आपण तो फक्त वाचायचा.

याला वरची मर्यादाही आहे. वाफेच्या इंजिनाच्या वेगाचा जागतिक विक्रम ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडमध्ये ‘मॅलार्ड’ या इंजिनाने केला. वेग ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर. मॅलार्डची चाके २०३२ मिलिमीटर व्यासाची होती. वरच्याप्रमाणे गणित केले तर विक्रमाच्या क्षणी तिच्या चाकांचे फेरे मिनिटाला सुमारे ५३० येतात. विक्रम करणाऱ्या इंजिनाची ही कथा! मग आपल्या प्रदर्शनातील इंजिनाची चाके मिनिटाला हजार फेरे घेत असतील, तर ती कोणत्या इंजिनाची प्रतिकृती म्हणायची?

आवाजाच्या अंगानेही पाहा. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते. तोच तो ‘झुक्‌ झुक्‌’ आवाज. डब्ल्यू. पी. ताशी १० किलोमीटर वेगाने स्टेशन सोडते तेव्हा चाकाचे फेरे मिनिटाला ३१ आणि आवाज सुमारे १२४, म्हणजे सेकंदाला दोन. आपल्या मनातली झुकझुक गाडी ती हीच. चाक हजार फेऱ्यांनी फिरू लागले तर सेकंदाला ६६-६७ आवाज व्हायला हवेत. ती झुकझुक नव्हे, भुंग्याची गुणगुण होईल.

मोटारीचा स्वभाव

आता मोटारीकडे वळू. खेळण्यांत असते तशी लहान मोटार ओझे नसताना मिनिटाला हजारो फेरे घेते. आपण १२ व्होल्टची, बिनओझ्याने १०,००० फेरे घेणारी मोटार धरू. तिचा दांडा बोटांच्या चिमटीत धरला तर ती लगेच थांबते. म्हणजे वेग भरपूर, पण फिरवण्याचा जोर बेताचा. या फिरवण्याच्या जोराला आपण ‘पीळ’ म्हणू. इंजिनीअर मंडळी त्याला टॉर्क म्हणतात. दांड्यापासून काही अंतरावर लावलेले बल गुणिले ते अंतर, म्हणजे पीळ. आपल्या कामासाठी तो ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये मोजणे सोयीचे.

कायम चुंबकाच्या मोटारीचा स्वभाव अगदी सरळ रेषेसारखा असतो. ओझे नसताना वेग सर्वांत जास्त आणि पीळ जवळजवळ शून्य. ओझे वाढवत गेलो की वेग त्याच प्रमाणात कमी होतो आणि पीळ वाढतो. अखेर मोटार अडकून थांबते, तेव्हा पीळ सर्वांत जास्त असतो. पण तेव्हाच तिच्यातून विद्युतप्रवाहही सर्वांत जास्त वाहतो आणि तो सगळा तारा तापवण्यात खर्च होतो. अशा स्थितीत मोटार फार वेळ ठेवली तर तारेवरचा लाखेचा लेप जळतो आणि तो ओळखीचा वास सुटतो. म्हणून मोटार नेहमी बिनओझ्याच्या वेगाच्या सुमारे ८० टक्के वेगाने काम करील असे पाहावे. तिथे ती फारशी तापत नाही आणि वीजही वाया घालवत नाही.

आपल्या मोटारीसाठी ८० टक्के म्हणजे ८००० फेरे. चाकाला हवेत ३११. आता गुणोत्तर काढणे हा एका ओळीचा हिशोब आहे: ८००० ÷ ३११ = सुमारे २६. मोटारीच्या २६ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा व्हायला हवा. बाजारात किंवा जुन्या खेळण्यांत अगदी २६ चे गुणोत्तर मिळेलच असे नाही. ३० मिळाले तर ते घ्यावे. थोडे जास्त गुणोत्तर चालते, कमी चालत नाही. स्टेशनच्या आवारात डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या इंजिनाची प्रतिकृती असेल तर ४० किंवा ५० देखील चांगले.

समजा, कुणी १० चेच गुणोत्तर लावले. मग चाकाचे फेरे ८०० होतील, आणि आपली डब्ल्यू. पी. ताशी २५७ किलोमीटरच्या हिशोबाने धावेल. बिचारी मॅलार्ड कितीतरी मागे पडेल! याहून वाईट म्हणजे हे इंजिन स्टेशनातून हळू सुटूच शकणार नाही. ताशी १० किलोमीटरच्या हिशोबाला मोटारीने फक्त ३१० फेरे घ्यायला हवेत. एवढ्या कमी वेगात लहान मोटार आचके देते. चुंबकाची ओढ आणि घर्षण तिला मध्येच अडवतात. ३० च्या गुणोत्तराने हेच काम ९०० च्या वर फेऱ्यांनी होते आणि इंजिन शांतपणे सरकते.

हे गुणोत्तर मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वर्मचा. वर्म म्हणजे मळसूत्रासारखे आटे असलेला लहान दांडा. एकेरी आट्याचा वर्म एकदा फिरला की त्याला टेकलेले दंतचक्र फक्त एक दाता पुढे सरकते. म्हणून ३० दात्यांचे चक्र लावले की ३० चे गुणोत्तर एकाच पायरीत मिळते आणि जागाही थोडी लागते. दोष असा की घर्षणात बराच जोर जातो, आणि वीज बंद केली की इंजिन हाताने ढकलता येत नाही. दुसरा मार्ग साध्या दंतचक्रांच्या पायऱ्यांचा. १० दात्यांचे चक्र ३० दात्यांच्या चक्राला फिरवते, म्हणजे तीनचे गुणोत्तर. अशा तीन पायऱ्या केल्या की ३ × ३ × ३ = २७. जागा जास्त लागते, पण जोर कमी वाया जातो आणि इंजिन थोडे घरंगळतही थांबते.

ओढीचा हिशोब

वेग जमला, आता ओढ. इथेही एक सोपा नियम आहे: मोटार अडकण्याआधी चाके घसरली पाहिजेत. चाके घसरली तर कुणाचे काही बिघडत नाही. मोटार अडकली तर ती जळते.

समजा, मोटारीने फिरणाऱ्या चाकांवर इंजिनाचे एक किलोग्रॅम वजन येते. धातूचे चाक धातूच्या रुळावर असेल तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओढ मिळते. त्याहून जास्त ओढू गेले की चाक घसरते. म्हणजे जास्तीत जास्त ओढ २०० ग्रॅम. चाकाची त्रिज्या २.६७ सेंटिमीटर. चाकापाशी पीळ झाला २०० × २.६७ = ५३४ ग्रॅम-सेंटिमीटर. मध्ये ३० चे गुणोत्तर आहे, म्हणून मोटारीपाशी त्याचा तिसावा हिस्सा, सुमारे १८. वर्मच्या घर्षणात निम्मा जोर जातो असे धरले तर मोटारीकडून ३६ ग्रॅम-सेंटिमीटर पीळ हवा. अडकलेल्या स्थितीत मोटारीचा पीळ याच्या किमान तिप्पट-चौपट, म्हणजे ११० ते १४५ असला की निर्धास्त व्हावे.

तो मोजणे कठीण नाही. मोटारीच्या दांड्याला ५ सेंटिमीटर लांबीची हलकी पट्टी घट्ट बसवा. मोटार हाताने धरून पट्टीचे टोक स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टेकवा आणि क्षणभरच, एक-दोन सेकंद, वीज द्या. काट्याने २५ ग्रॅम दाखवले तर पीळ १२५ ग्रॅम-सेंटिमीटर. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि वीज फक्त बॅटरीची किंवा १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरची घ्या. घरातल्या प्लगची वीज या प्रयोगांत कधीही थेट वापरायची नाही.

फेरे मोजायलाही महागडे उपकरण नको. वर्म आणि चक्र बसवा. चक्राचा आस ४ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याला बारीक दोऱ्याचे टोक चिकटवा आणि दहा सेकंद मोटार चालवा. दोरा एकावर एक न चढता शेजारी-शेजारी गुंडाळला जाईल असे पाहा. किती दोरा गुंडाळला ते मोजा आणि आसाच्या परिघाने, म्हणजे १२.६ मिलिमीटरने भागा. ७० सेंटिमीटर दोरा गेला असेल तर दहा सेकंदांत सुमारे ५५ फेरे झाले, म्हणजे मिनिटाला ३३०. त्याला ३० ने गुणा, मोटारीचे फेरे मिळाले. मोबाईलवर संथगतीचे चित्रण करूनही हे मोजता येते. दोन्ही रीतींनी मोजा आणि उत्तरे जुळतात का ते पाहा.

तीन आक्षेप

यावर काही आक्षेप घेतले जातील याची मला कल्पना आहे.

पहिला आक्षेप असा: “गिअरची भानगड कशाला? व्होल्टेज कमी केले की मोटार हळू फिरते.” फिरते खरी, पण व्होल्टेज कमी केल्याने पीळ वाढत नाही, उलट घटतो. रिकामे इंजिन कसेबसे चालेल. मागे तीन डबे जोडले की बसून राहील. हल्ली मिळणारे, वीज झटपट चालू-बंद करून वेग आवरणारे नियंत्रक यापेक्षा बरे. संथ चालीत त्यांची मदत होते. पण तेही मोटारीत नसलेला जोर आणू शकत नाहीत. नियंत्रक हा गिअरचा मदतनीस आहे, त्याची जागा घेणारा नाही.

दुसरा आक्षेप: “आता तयार गिअर मोटारी मिळतात, मग हिशोब कशाला?” मिळतात हे खरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, १२ व्होल्टच्या गिअर मोटारी मिळतात आणि त्यांवर ६०, १००, ३००, १००० असे मिनिटाच्या फेऱ्यांचे आकडे असतात. पण यांतली कोणती घ्यायची? हिशोब न करणारा मुलगा हजाराची मागतो, कारण आकडा मोठा. ती थेट चाकाच्या आसाला जोडली तर डब्ल्यू. पी. ताशी ३२१ किलोमीटरच्या हिशोबाने धावेल. हिशोब करणारी मुलगी ३०० ची मागते. बिनओझ्याने तिचा हिशोबी वेग ताशी ९६ किलोमीटर येतो, आणि ओझ्याने थोडा उतरला तरी तो एक्सप्रेस गाडीला शोभेलसाच राहतो. तयार वस्तू मिळू लागल्या म्हणून निवड संपली नाही. उलट निवड हेच काम उरले.

एक सूचना इथेच देतो. प्रत्येकाला प्रमाणात बरोबर बसणारे चाक मिळतेच असे नाही. ५३ मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटरचे चाक वापरावे लागले तर फेरे त्याच प्रमाणात वाढवा: ३११ × ५३.३ ÷ ४० = सुमारे ४१५. आधी चाक मोजा म्हणतो ते यासाठीच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रेमापोटी येतो. “मुलांचा खेळ आहे हो, त्यात गणित घुसवून त्यांचा आनंद का घालवता?” या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पाचवीतल्या मुलाने मोटार लावून गाडी पळवली तर त्याला खुशाल पळवू द्यावी. पण आठवी-नववीतल्या विद्यार्थ्याला गुणोत्तर, परीघ, वेग हे सारे शिकवलेले असते. वर्गात तो “एका चाकाची त्रिज्या अमुक असेल तर...” अशी उदाहरणे कंटाळून सोडवतो, कारण त्या चाकाशी त्याचा काहीच संबंध नसतो. इथे चाक त्याच्या हातात आहे. आपण काढलेला ३११ हा आकडा खरा ठरून इंजिन दिमाखात सरकू लागले की त्याला होणारा आनंद टाळ्यांच्या आनंदाहून लहान नसतो, आणि तो जास्त टिकतो.

शिक्षकांना आणि परीक्षकांना विनंती

म्हणून प्रदर्शने भरवणाऱ्या शिक्षकांना माझ्या तीन सूचना आहेत.

एक, चालत्या प्रतिकृतीसोबत हिशोबाचे एक पान मागावे. त्यावर खऱ्या इंजिनाच्या चाकाचा व्यास, प्रतिकृतीच्या चाकाचा व्यास, मोटारीचे मोजलेले फेरे आणि निवडलेले गुणोत्तर एवढे असले तरी पुरे. पान हाताने लिहिलेले असावे, आणि एखादा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला दिसला तर त्याचे गुण कापू नयेत.

दोन, परीक्षा वेगाची न घेता संथपणाची घ्यावी. ३२ पट लहान प्रतिकृती ताशी १० किलोमीटरच्या हिशोबाने चालली तर तिने एक मीटर अंतर साडेअकरा सेकंदांत तोडले पाहिजे. घड्याळ लावा आणि मीटरभर रूळ मोजा. न थांबता, न आचका देता जे इंजिन हे अंतर कापील ते उत्तम. त्यानंतर मागे डबे वाढवत जा आणि चाके घसरतात की मोटार अडकते ते पाहा. ही परीक्षा कोणत्याही शाळेत पाच मिनिटांत घेता येते.

तीन, किमतीकडे पाहू नये. महागडी मोटार आणून कमी गुणोत्तराने पळवलेल्या गाडीपेक्षा, जुन्या खेळण्यातली मोटार आणि बिघडलेल्या यंत्रातली दंतचक्रे हिशोबाने जुळवून चालवलेली गाडी मोठी आहे. लहान गावातल्या शाळेला शहरातल्या शाळेची बरोबरी करायची असेल तर ती अशाच ठिकाणी करता येते. मोटार विकत आणावी लागते. गुणोत्तर डोक्यातून निघते.

हे सारे केवळ खेळातल्या आगगाडीपुरते आहे असेही समजू नका. चढावर सायकलचा गिअर बदलताना, विहिरीवरच्या पंपाला मोटार निवडताना, विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या चाकात किती ताकद हवी हे ठरवताना इंजिनीअर हाच क्रम पाळतात. काम कुठे व्हायचे आहे तिथून सुरुवात करायची, तिथे किती फेरे आणि किती पीळ हवा ते काढायचे, आणि मग मागे मागे येत मोटारीपर्यंत पोहोचायचे. मोटारीपासून सुरुवात करणारा माणूस नशिबावर विसंबतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या प्रदर्शनासाठी इंजिन करायला घ्याल तेव्हा दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ पट्टी, दोरा आणि वही घेऊन बसा. पुण्यात असाल तर कोथरूडजवळचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अवश्य पाहून या आणि तिथल्या गाड्या कोणत्या वेगाने चालतात याकडे लक्ष द्या. आणि प्रदर्शनात कुणी तुम्हाला “तुझी गाडी एवढी हळू का?” असे विचारले, तर हिशोबाचे पान त्याच्यापुढे ठेवा.